ज्युनिपरच्या रानाची आणेवारी

मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात ज्या युक्त्या रूढ झाल्या, त्यांत आणेवारीइतकी साधी दिसणारी आणि आणेवारीइतकी भांडणे लावणारी दुसरी युक्ती क्वचितच सापडेल. उभे पीक शिवारात जाऊन पाहावयाचे, चांगल्या सालात त्याच जमिनीत जे पीक येते त्याला सोळा आणे समजावयाचे, आणि यंदाचे पीक त्या मानाने किती आणे भरते ते दफ्तरी नोंदवावयाचे, एवढाच तिचा विधी. १९१८ साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याच्या मुळाशी हाच विधी होता. पीक चार आण्यांहून कमी उतरल्यास वसुली तहकूब व्हावी असा नियम असून, रयतेच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते, अंमलदारांच्या मते ते त्याहून वर होते, आणि दोन्ही पक्ष बोट दाखवीत होते ते एकाच शेताकडे. मोजणारा प्रामाणिक असला, त्याची साखळी खरी असली आणि त्याला मोहाचा स्पर्श नसला, तरीही मोजणीच्या आधीचा एक प्रश्न शिल्लक राहतोच: सोळा आणे कशाला म्हणावयाचे, आणि ते ठरविण्याचा अखत्यार कोणाचा?

हा प्रश्न आज आपल्या आणेवारीपुरता, म्हणजे आताच्या पैसेवारीपुरता, उरलेला नसून, तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एका रानासंबंधी, कायद्याच्या कलमांनी आणि संख्याशास्त्राच्या सूत्रांनी सजून, नव्याने उभा राहिलेला आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्ये जेथे एकमेकांस भिडतात त्या उंच व कोरड्या पठारी मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच ते सात हजार फुटांच्या दरम्यान, ज्युनिपर आणि पिन्यॉन पाइन या दोन ठेंगण्या वृक्षांचे विरळ रान मैलोगणती पसरले आहे. वर्षाचा पाऊस दहा ते वीस इंच, तोही काही हिवाळ्यात हिमरूपाने आणि काही जुलै ते सप्टेंबरच्या गडगडाटी सरींनी पडणारा. झाडे दोन-तीन पुरुष उंचीची, पिळवटलेल्या खोडांची, एकमेकांपासून अंतर राखून उभी. मधल्या मोकळ्या जागेत ब्लू ग्रामा, गॅलेटा, इंडियन राइसग्रास यांसारखी गवते आणि सेजब्रश, क्लिफरोझ यांसारखी झुडपे. आणि ज्या जागी यांपैकी काहीच नाही तेथेही जमीन उघडी नसते, तर नीलहरित जीवाणू, दगडफुलाच्या जातीच्या वनस्पती आणि शेवाळे यांनी विणलेली एक काळपट खपली तिच्यावर असते, जी माणसाच्या एका पावलाने मोडते आणि पुन्हा धरावयास वर्षानुवर्षे घेते. परक्या पाहुण्याला हे रान प्रथमदर्शनी दरिद्री वाटते. त्याचे वैभव आच्छादनात नसून अंतरात आहे, हे लक्षात यावयास काही काळ जावा लागतो.

या रानाखाली अनेक ठिकाणी दगडी कोळसा आहे. ॲरिझोनातील ब्लॅक मेसा नावाच्या पठारावर, नवाहो आणि होपी या दोन आदिवासी राष्ट्रांच्या भूमीत, १९७० च्या सुमारास उघड्या खाणी सुरू झाल्या. त्यांपैकी एकीचा कोळसा भूगर्भातील गोड्या पाण्यात कालवून २७३ मैलांच्या नळाने नेवाडातील मोहावे वीजकेंद्राकडे वाहून नेला जाई, आणि केयेंटा नावाच्या दुसरीचा आगगाडीने पेज गावाजवळच्या नवाहो वीजकेंद्राकडे. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरचे रान, वरची माती आणि खालचा खडक हे सर्व उचलून बाजूस करावे लागते. मग कोळसा काढावयाचा, खड्डा बुजवावयाचा, माती पसरावयाची आणि पूर्वी जे होते ते पुन्हा उगवावयाचे. या शेवटच्या क्रियापदात सगळी अडचण साठलेली आहे.

३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या खाणकाम-नियंत्रण व भूमिपुनरुद्धार कायद्यावर सही केली, त्याने ही अडचण कलमबंद केली. खाणमालकाने उद्ध्वस्त भूमीवर विविध, परिणामकारक आणि कायमचे असे वनस्पतींचे आच्छादन निर्माण करावे. ते त्या प्रदेशाच्या मूळच्या वनस्पतींच्याच ऋतुमानाचे असावे. स्वतःहून पुनरुत्पादन करण्यास ते समर्थ असावे. आणि विस्ताराने ते नैसर्गिक आच्छादनाच्या निदान बरोबरीचे असावे, असे हा कायदा सांगतो. जेथे वार्षिक पाऊस सव्वीस इंचांहून अधिक आहे तेथे ही जबाबदारी पाच वर्षांची, आणि सव्वीस इंच वा त्याहून कमी असेल तेथे दहा वर्षांची. ती पार पाडली जाईल याची हमी म्हणून मालकाने आधीच जामीन रक्कम गुंतवावयाची असते. खड्डा बुजवून जमिनीला आकार दिला की त्यातील साठ टक्क्यांपर्यंत भाग मोकळा होऊ शकतो, आणि अखेरचा हिस्सा दहा वर्षांची मुदत संपून वनस्पतींचा दाखला मिळाल्यावर. कायद्याखालील नियमांनी त्या दाखल्याचे मापही दिले: न खणलेले एखादे जवळचे क्षेत्र संदर्भ म्हणून राखावे, किंवा अन्य मान्य प्रमाण ठरवावे, आणि नव्या भूमीवरील आच्छादन त्या मापाच्या नव्वद टक्के भरले म्हणजे ते उत्तीर्ण. आपल्या भाषेत बोलावयाचे तर साडेचौदा आण्यांच्या आसपास पीक आले की जामीन मोकळा.

या व्यवस्थेला हसणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. तिच्या आधी काय होते ते पाहिले म्हणजे तिची थोरवी कळते. ॲपलॅशियातील डोंगर पोखरून मालक निघून जात आणि मागे उभे कडे व आम्लयुक्त ओढे सोडून जात, आणि त्यांना जाब विचारण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका अभ्यासमंडळाने पश्चिमेकडील कोळसाभूमींवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात तर दहा इंचांहून कमी पावसाच्या मुलखात पुनरुद्धार अतिशय कठीण असल्याचे सांगून, अशी काही भूमी ‘राष्ट्रीय बळीक्षेत्र’ म्हणून सोडून द्यावी लागेल की काय, हा विचारही बोलून दाखविला होता. जो कायदा तीन वर्षांनी आला त्याने निदान कागदावर तरी कोणतीही भूमी बळी देण्यास नकार दिला. शिवाय त्याने मोजणी सक्तीची केली; आणि मोजणी सक्तीची नसती तर खाणीच्या सीमेवर लांबीरुंदी आखून, दोऱ्या ताणून, कोणत्या बिंदूखाली कोणती वनस्पती येते याची टाचणे करीत उन्हात हिंडणारे ते वनस्पतिशास्त्रज्ञही तेथे कधी गेले नसते. ज्या रानाकडे तोपर्यंत कोणी सरपण आणि अडथळा यांपलीकडे पाहिले नव्हते, त्याची इतकी बारीक नोंद होण्यास खाणच निमित्त व्हावी, हा इतिहासाचा एक खट्याळपणाच म्हणावयाचा.

नोंदीची रीत स्थूलमानाने अशी. आधी रानाचे भाग पाडावयाचे, कारण उत्तरेच्या उतारावरचे ज्युनिपर आणि दक्षिणेच्या उतारावरचे ज्युनिपर हे एकाच नावाचे असले तरी एकाच संसाराचे नसतात. मग प्रत्येक भागात यदृच्छेने जागा निवडून तेथे मोजपट्टी टाकावयाची, ठराविक अंतरावर सुई सोडून ती कशाला स्पर्श करते ते लिहावयाचे, चौकटीतील गवत कापून वाळवून तोलावयाचे, झाडे-झुडपे पट्ट्यातून मोजावयाची. आणि नमुना पुरेसा झाला की नाही याचा निर्णय सूत्राने करावयाचा. खाणीआधीच्या रानात आणि खाणीनंतरच्या कुरणात जातींचे साम्य किती, हे पाहण्यासाठी डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ सोरेन्सन याने १९४८ साली सुचविलेला निर्देशांक अजूनही कामास येतो. या सर्वांत हातचलाखीस वाव थोडा आहे. माझा आक्षेप मोजणीच्या पद्धतीला नाही. तो मोजणी कशाशी आणि कशाची, या दोन निवडींना आहे, ज्या पद्धतीच्या आधीच होऊन गेलेल्या असतात आणि पुढे अहवालात केवळ एका तक्त्याचे मथळे म्हणून दिसतात.

कशाशी, हा प्रश्न आधी घेऊ. संदर्भक्षेत्र म्हणून जे रान राखले जाते ते आजचे रान होय, आणि आजचे रान हे कोणत्याही अर्थाने सृष्टीचे मूळ दस्तऐवज नव्हे. त्या मुलखात पॅकरॅट नावाचा एक उंदीर खडकांच्या कपारीत काटक्या, पाने, बिया यांचा संचय करतो. त्याच्या मूत्राच्या स्फटिकांत हा संचय गोठून हजारो वर्षे टिकतो, आणि किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने त्याचे वय काढता येते. जगातील कोणत्याही महसुली दफ्तराहून हे दफ्तर जुने आणि, लाचेला अवसर नसल्यामुळे, अधिक विश्वसनीय आहे. त्यावरून असे दिसते की उत्तर कोलोरॅडोतील एका ठिकाणी पिन्यॉन अवघा चार-पाचशे वर्षांपूर्वी येऊन पोहोचला. म्हणजे तेथे तो आपल्याकडच्या मिरची-बटाट्याइतकाच प्राचीन. न्यू मेक्सिकोतील चाको दरीत, जेथे आज झाडे जवळजवळ नाहीत, तेथे पूर्वी पिन्यॉन-ज्युनिपरचे रान होते आणि पुएब्लो लोकांच्या वस्तीने सरपणासाठी ते हळूहळू संपविले, असा निष्कर्ष ज्युलिओ बेटनकोर्ट आणि थॉमस व्हॅन डेव्हेंडर यांनी १९८१ साली याच संचयांवरून काढला. त्या दरीशेजारी उद्या खाण उघडली, तर सोळा आणे कोणते? आजचा उजाडपणा, की हजार वर्षांपूर्वीचे रान?

अलीकडचा इतिहासही सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या मुलखात गुरे-मेंढ्या बेसुमार चरल्या, गवत कमी झाले, गवताबरोबर जमिनीलगत पसरणारा वणवाही कमी झाला, आणि पुष्कळ ठिकाणी ज्युनिपर गवताळ भागात उतरला. १९३३ नंतर आदिवासी-व्यवहार आयुक्त जॉन कोलियर यांच्या अमदानीत सरकारने नवाहोंच्या मेंढ्या-बकऱ्या सक्तीने कमी केल्या, हजारो जनावरे जागीच मारली, आणि त्यासाठी जो आधार दिला तो भूमीच्या ‘धारणशक्ती’च्या गणिताचा होता, म्हणजे वनस्पतींची मोजणी त्या लोकांच्या उंबरठ्यावर आली ती प्रथम जप्तीच्या पोशाखात आली, हे विसरून चालणार नाही. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत गुरांना गवत मिळावे म्हणून दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी ताणून ज्युनिपरची रानेच्या राने मुळासकट लोळविण्यात आली. तेव्हा संदर्भक्षेत्रातले रान हे कधी अतिचराईने विस्कटलेले, कधी वणव्याच्या अभावी दाटलेले, कधी साखळीनंतर पुन्हा उगवलेले असते. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स याने १९१६ साली असे प्रतिपादिले होते की प्रत्येक हवामानास एक अंतिम, परिपूर्ण वनस्पतिसमाज असतो आणि सृष्टी त्याकडे वाटचाल करते; हेन्री ग्लीसन याने लगोलग उत्तर दिले की वनस्पतिसमाज हा जातींच्या स्वतंत्र योगायोगांचा मेळ आहे. शास्त्रात ग्लीसनचा पक्ष पुष्कळसा मान्य झाला. कायद्याच्या कलमांत मात्र क्लेमेंट्सच राज्य करीत राहिला, कारण न्यायालयाला आणि जामीनदाराला एक निश्चित सोळा आणे लागतातच.

दुसरी निवड कशाची मोजणी करावयाची याची. आणि येथे मला वाटते की खरा अनर्थ आहे. आच्छादन टक्क्यांत मोजले जाते आणि टक्क्याला जात नसते. ज्या ज्युनिपर-रानात झाडे, झुडपे आणि गवत मिळून जमिनीचा थोडाच भाग झाकतात, तेथे खाणीनंतर पसरलेल्या खोल, भुसभुशीत मातीवर चांगले बी टाकल्यास नुसत्या गवताने तेवढा भाग चार-पाच सालांत झाकतो. चाऱ्याचे वजन तर पूर्वीपेक्षा जास्तच भरते. खाणकंपन्या अभिमानाने सांगतात की आमची पुनरुद्धारित भूमी चराईसाठी पूर्वीपेक्षा कित्येक पट उत्पादक आहे, आणि या सांगण्यात खोटे काही नाही. अशी भूमी परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि उत्तीर्ण होते ती ज्या रानाच्या नावाने परीक्षा घेतली त्याचे एकही झाड अंगावर नसताना. वृक्षझुडपांसाठी नियमांत निराळ्या अटी आहेत, संख्येच्या आहेत, टिकावाच्या आहेत. पण खाणीनंतरचा उपयोग ‘चराई’ असा एकदा नमूद झाला की त्या अटींचा जोर ओसरतो. म्हणजे सोळा आणे रानाचे ठरले, आणि पीक तोलले ते गवताचे.

ही लबाडी आहे असे कोणी म्हणेल तर ते पुरते खरे नाही, कारण तिच्या मुळाशी भूमीचेच एक रहस्य आहे. ज्युनिपर आणि पिन्यॉन जेथे उभे असतात ती भूमी सामान्यतः पातळ, खडकाळ आणि कृश असते. झाडांची मुळे वाळूच्या दगडाच्या भेगांत खोल शिरून तेथे झिरपलेले हिवाळ्याचे पाणी पितात, आणि गवताला ते पाणी गाठता येत नाही म्हणूनच झाडांचे राज्य तेथे टिकते. खाणकाम हा खडकाचा थरच चुरून टाकते. मग कायद्याच्या आज्ञेनुसार उभे कडे पाडले जातात, उतार सौम्य होतात, राखून ठेवलेली वरची माती सारख्या जाडीने अंथरली जाते, आणि अशा प्रकारे, उत्तम हेतूने आणि मोठ्या खर्चाने, ज्युनिपरला प्रतिकूल आणि गवताला अनुकूल अशी भूमी सिद्ध होते. तिच्यात लावलेले रोपटे गवताशी स्पर्धेत हरते, आणि लागवडीच्या पुस्तकात त्याची नोंद ‘अवर्षणाने मृत’ अशी होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी जमीन सुधारली, ती रानाच्या दृष्टीने बिघडली. रान परत हवे असेल तर काही जागी चांगली माती जाणूनबुजून अंथरू नये, दगडधोंड्यांचे, भेगाळ आणि उंचसखल असे ढीग ठेवावेत, कड्याचा एखादा भाग पाडू नये. परंतु सपाटीला सद्गुण मानणाऱ्या तपासनिसापुढे हे मागणे मांडावयास खाणीच्या अभियंत्याला मोठे धैर्य लागेल. शिवाय, महिनोन्महिने ढिगात साठविलेल्या मातीतील बुरशी क्षीण होते. ज्युनिपरच्या मुळांना एका प्रकारच्या बुरशीचे साहचर्य लागते, पिन्यॉनच्या मुळांना सर्वस्वी निराळ्या प्रकारच्या. आणि या दोघींपैकी एकीचीही गणना कोणत्याही आच्छादनाच्या तक्त्यात नाही.

दहा वर्षांच्या मुदतीचे तर काय सांगावे! पिन्यॉनला शंकू धरू लागतात ते साधारण पंचविशीत, आणि भरघोस बी येते ते पाऊणशे-शंभर वर्षांनी. ते बी वाऱ्याने उडत नाही; पिन्यॉन जे नावाचा निळा पक्षी ते घशात भरून मैलोगणती नेतो, जमिनीत पुरतो, आणि जेवढे विसरतो वा शिल्लक टाकतो तेवढ्यांतून पुढची पिढी उगवते, तीही बहुधा एखाद्या झुडपाच्या वा वडीलधाऱ्या ज्युनिपरच्या सावलीत. ज्युनिपर शतकानुशतके जगतो. अशा समाजाबद्दल दहाव्या वर्षी ‘पुनरुत्पादनास समर्थ’ असा दाखला देणे म्हणजे पाळण्यातील मुलाला वंशवृद्धीबद्दल प्रमाणपत्र देणे होय. आणि तोपर्यंत संदर्भक्षेत्रही स्वस्थ बसून राहत नाही. २००२-०३ च्या अवर्षणात, उष्णतेने आणि सालीखालच्या भुंग्यांनी मिळून, उत्तर न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉसजवळच्या एका बारकाईने अभ्यासलेल्या जागी नव्वद टक्क्यांहून अधिक पिन्यॉन मेले. ज्युनिपर पुष्कळसे वाचले. संदर्भक्षेत्राच्या पद्धतीचा खरा गुण हा, की दुष्काळ पडला तर तो दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो आणि मालकावर निसर्गाचा दोष येत नाही. पण जेव्हा संदर्भातले रानच मरते, तेव्हा सोळा आण्यांचे नाणेच वितळते. मेलेल्या रानाच्या नव्वद टक्के होणे कोणालाही सोपे आहे.

येथे एक प्रामाणिक प्रतिवादी उभा राहील आणि विचारील: हे रान जर प्राचीन नाही, अविकृत नाही, स्थिरही नाही, आणि उष्ण होत चाललेल्या हवेत त्याचा अर्धा भाग उद्या मरणारच आहे, तर त्याच्या प्रतिकृतीचा हट्ट कशासाठी? गवत उगवले, माती वाहून जात नाही, मेंढी चरते. एवढे पुरे का नसावे? या युक्तिवादाचे बळ मी नाकारीत नाही, आणि मातीची धूप थांबविणे हे पहिले कर्तव्य आहे हेही मान्य करतो. परंतु या युक्तिवादात एक उडी आहे. रान बदलते, म्हणून कोणताही बदल सारखाच, असे त्यातून निघत नाही. अवर्षणात मेलेल्या पिन्यॉनच्या खाली भेगाळ खडक, बुरशी, बियांचा साठा, झुडपे आणि वाचलेले ज्युनिपर तसेच राहतात. पुढे काय व्हावयाचे त्याचे अनेक मार्ग मोकळे असतात. खाणीनंतरच्या कुरणात तेच मार्ग तोडलेले असतात. तेव्हा तुलना करावयाची ती दोन स्थितींची नसून, दोन भूमींना पुढे काय काय होता येईल याची.

आणि मेंढीबद्दल बोलावयाचे तर मेंढीच्या धन्यालाही विचारावे. नवाहो कुटुंबाच्या संसारात ज्युनिपर हा पदोपदी लागतो: होगन नावाच्या त्यांच्या परंपरागत घराचे ओंडके त्याचे, चुलीतले जळण त्याचे, निळ्या मक्याच्या कण्यांत कालवावयाची राख त्याच्या हिरव्या डहाळ्यांची, ज्यातून चुन्याचा अंश अंगी लागतो, आणि लेकरांच्या मनगटावरचे मणी त्याच्या वाळल्या बियांचे. पिन्यॉनचे बी ज्या वर्षी चांगले येते त्या वर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ते वेचावयास निघतात. यांतील एकही गोष्ट पौंड-प्रतिएकर या मापात बसत नाही. जेथे धारणशक्तीच्या गणिताने एकदा कळप उद्ध्वस्त केले, तेथे त्याच जातीच्या गणिताने दुसऱ्यांदा असे सांगावे की तुमची भूमी आता अधिक उत्पादक झाली आहे, यात ऐकणाऱ्याला विनोद दिसला नाही तर त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपाने भेटतो. गोव्यातील लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची हिरवी गर्दी उभी आहे, आणि दुरून पाहणारा ती सह्याद्रीचीच समजतो. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट ज्या जांभ्याच्या सड्यांवरून निघते, तेथे चैत्रात गेलेल्या मोजणीदाराला उघडा काळा दगड दिसेल आणि तो आच्छादनाच्या रकान्यात शून्य लिहील. भाद्रपदात गेलेल्याला त्याच दगडावर पाण्याच्या पापुद्र्यातून उगवलेल्या, इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पतींचा गालिचा दिसेल. शून्याच्या जागी उद्या झाडे लावली की तक्त्यात सुधारणाच सुधारणा. नागपूरच्या नीरी या संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर मुळांशी नांदणाऱ्या बुरशी-जीवाणूंचा उपयोग करून जे काम केले, त्यावरून आपल्या शास्त्रज्ञांना मातीच्या आतले व्यवहार चांगले ठाऊक आहेत हे दिसते. आणि २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही खाणपट्ट्याच्या अटींत खाणीनंतर भूमीवर पुन्हा गवत लावण्याची अट घालण्याचा आदेश सरकारला दिला. कोणते गवत, कशाशी तुलना करून, याचे उत्तर देणारे संदर्भक्षेत्र खाणीआधीच राखून ठेवण्याची शिस्त मात्र आपल्या अंगवळणी पडलेली नाही. अमेरिकन कायद्याचे दोष सांगताना हेही सांगितले पाहिजे की दोष काढावयास त्यांच्याजवळ निदान खाणीआधीचा तक्ता आहे.

तर मग नियोजनकाराने काय करावे? माझ्या मते, खाणीआधीच्या तुलनेला परतफेडीचे हमीपत्र समजणे त्याने प्रथम सोडावे. तिचा खरा उपयोग खणण्याआधीचा आहे: या रानातील कोणता भाग दहा वर्षांत परत आणता येतो, कोणता शंभर वर्षांत, आणि कोणता मुळीच नाही, हे ती सांगू शकते, आणि तिसऱ्या वर्गातील जागा, म्हणजे कड्याकाठची म्हातारी ज्युनिपरराई, खडकाच्या भेगा, अखंड खपलीची भूमी, नकाशावर खाणीच्या रेषेबाहेर काढणे हे तिचे पहिले काम असावे. जेथे खणावयाचेच आहे तेथे एका संदर्भक्षेत्रावर विसंबू नये. दाट रान, विरळ रान, साखळी फिरलेले रान आणि अवर्षणात मेलेले रान अशी चार-पाच क्षेत्रे बांधावरच्या खुणांप्रमाणे चारी बाजूंस ठेवावीत, आणि नवी भूमी त्यांच्यामधल्या कोणत्या दिशेने सरकते आहे ते पाहावे. पातळ दगडी भूमीचे तुकडे मुद्दाम घडवावेत. न खणलेल्या रानाची बेटे खाणीच्या मध्यभागी राखावीत, कारण पक्ष्याला बी आणावयास कोठून तरी निघावे लागते. आणि आच्छादनाच्या रकान्याशेजारी दुसरा एक रकाना असावा, ज्यात परत न आलेल्या गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असतील, जामीन मोकळा झाला तरीही.

केयेंटा खाणीतून कोळसा निघणे २०१९ साली बंद झाले. दहा वर्षांचे घड्याळ एखाद्या तुकड्यावर शेवटचे वाढीव बी, खत वा पाणी दिल्यानंतर सुरू होते. म्हणून त्या पठारावरील अखेरची मोजणी या दशकाच्या शेवटी आणि पुढच्यात व्हावयाची आहे. मोजणारे तेव्हा दोऱ्या ताणतील, सुया सोडतील, गवत कापून तोलतील. त्यांच्या हाती जो तक्ता असेल त्याचे मथळे अद्याप बदलता येण्यासारखे आहेत, आणि ते बदलावे की नाही हे नवाहो व होपी यांच्या सभांत बोलण्याची वेळ हीच आहे.